पगार दुबईचा, जोतं गावचं!

नोकरी दुबईत, आई-बाबा शाहूपुरीत, जागा पन्हाळा तालुक्यात आणि खिशात साडेनऊ लाख. एवढ्यात घर होतं का? होतं. पण सिमेंटच्या पहिल्या पोत्याच्या आधी बरंच काही बांधावं लागतं…

‘गावाकडं एक छोटंसं घर बांधायचं राव!’ प्रत्येक ग्रुपमध्ये हे वाक्य कुणीतरी टाकतंच. कधी रंकाळ्यावर भेळ खाताना, कधी महिनाअखेरीला एक्सेल शीट बघून डोळे दुखायला लागल्यावर. सोमवारी सकाळी ते घर मेलच्या ढिगाऱ्याखाली गडप होतं. माझंही झालं असतं. पण आमच्या घरात दोनदा पाणी शिरलं आणि हौसेचा विषय एकदम गरजेचा झाला.

आम्ही शाहूपुरीचे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली ही व्यापारी पेठ. बाबांची उभी नोकरी गुळाच्या अडतीत दिवाणजी म्हणून गेली. घर कुंभार गल्लीच्या अंगाला. पंचगंगा फुगली की जयंती नाल्यातून पाणी उलटं आत येतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. राजाराम बंधाऱ्यापाशी नदीची धोक्याची पातळी आहे ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. दोन्ही वेळा मी दुबईत, एका लॉजिस्टिक कंपनीच्या डॉक्युमेंटेशन डेस्कवर दुसऱ्यांच्या कंटेनरची कागदपत्रं तपासत होते आणि आई फोनवर सांगत होती, ‘गादी भिजली. फ्रिज टेबलावर चढवलाय. तू जेवलीस का?’

२०२१ च्या त्याच पावसात गावच्या जुन्या मातीच्या घराची मागची भिंतही बसली. गाव आमचं बाजारभोगावच्या अलीकडचं, उतारावरचं. तिथं नदी पायाशी येत नाही, पण पाऊस असा की छत्री शोभेची वस्तू ठरावी. आई म्हणाली, ‘आता तिथंच दोन खोल्या काढूया.’ बाबा काहीच बोलले नाहीत. आमच्याकडे याचा अर्थ ‘विचार करूया’ असा होतो.

मी एकतीस वर्षांची, लग्न झालेलं नाही. भाऊ नाही, धाकटी बहीण पुण्यात. म्हणजे घर बांधायचं तर मीच!

आधी सह्या, मग सिमेंट

शहरातल्या मुलांना वाटतं, गावात काय, आपलीच जागा, उद्या नारळ फोडायचा. हॅलो! जागा ‘आपली’ म्हणजे नेमकी कुणाची?

आमची जागा गावठाणातली. गावठाणाबाहेर शेतजमिनीत बांधायचं तर तेव्हा अकृषक परवानगीचा, म्हणजे ‘एनए’चा विषय यायचा. गावठाणात तो नव्हता, पण ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा लागतो. आमच्या उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव होतं आणि आजोबा जाऊन अकरा वर्षं झालेली. मग वारसनोंद. वारस तिघं : बाबा, काका आणि आत्ती.

काका तयारच होते. त्यांचं गावात वेगळं घर आहे. प्रश्न आत्तीचा. म्हणजे आत्तीला प्रश्न नव्हता, बाकीच्या सगळ्यांना होता. ‘तिची हक्कसोड करून टाका, हाय काय अन् नाय काय’, असा सल्ला किमान सहा जणांनी दिला. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलग्यांइतका वाटा देणारी दुरुस्ती देशभर २००५ मध्ये झाली. महाराष्ट्रात तर तसा कायदा १९९४ मध्येच आला होता. कायदा बदलून इतकी वर्षं झाली, तरी गावात बहिणीला साडी-चोळी नेसवायची आणि कागदावर सही घ्यायची ही रीत काही सुटलेली नाही.

मी सुट्टीवर आले तेव्हा आत्तीला भेटायला इचलकरंजीला गेले. ती म्हणाली, ‘मला पैसे नकोत गं. पण आईबाप गेल्यापासून मला माहेरी जायला दार नाही. दादाकडं शाहूपुरीत आले तर सोप्यावर पथारी. एक खोली ठेवशील?’

मी स्वतः मुलगी. तिचा हक्क सोडवून घेऊन त्यावर मी कोणत्या तोंडानं माझं घर बांधणार? आम्ही हक्कसोड केलीच नाही. आत्तीचं आणि काकांचं नाव उताऱ्यावर राहिलं, त्यांनी बांधकामाला लेखी संमती दिली आणि नकाशात दहा बाय अकराची एक जादा खोली आली. बजेट वाढलं. पण पाच वर्षांनी कोर्टाची नोटीस येण्यापेक्षा एक खोली कधीही स्वस्तच!

पैशांचं गणित त्यामानानं सोपं होतं. जागेच्या कागदांमुळं आम्हाला होमलोन मिळालं नाही, म्हणजे जे काय करायचं ते बचतीतूनच. मी माझ्या एनआरई खात्यातून बाबांच्या खात्यावर टप्प्याटप्प्यानं पैसे पाठवत गेले. मुलीनं वडिलांना दिलेल्या पैशांवर वडिलांना आयकर लागत नाही. खर्च बाबांच्या हातून आणि हिशेब त्यांच्या लाल कापडी वहीत. दिवाणजी ते दिवाणजीच!

एक धडा थायलंडचा

योगायोग बघा. त्याच वर्षी आमच्या ऑफिसातला एक इंग्रज सहकारीही गावात घर बांधत होता. त्याची बायको थायलंडच्या ईशान्येकडची, लाओसच्या बाजूच्या इसान भागातली. भातशेतीचा मुलूख. कॉफी मशीनपाशी आमचं दोघांचं रोजचं अधिवेशन भरायचं. अजेंडा एकच : ‘आज तुझ्या साईटवर काय नाही झालं?’

थायलंडमध्ये परदेशी माणसाला सहसा जमीन नावावर करता येत नाही. त्यामुळं जमीन बायकोच्या नावावर, पैसे याचे आणि गवंड्याशी बोलणार सासरे. आपल्याकडेही कुंपणं आहेत. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला फेमा कायद्याखाली शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारसानं आलेली चालते. थोडक्यात, दुबईतून ‘दोन एकर घेऊन टाकू’ म्हणणाऱ्या मित्रांनी आधी कायदा वाचावा.

त्याच्याकडून एक गोष्ट मात्र मी उचलली. इसानमध्ये जागेवर मातीचा भराव टाकून ती उंच करतात आणि बांधायच्या आधी तो भराव एक पावसाळा बसू देतात. आमच्या उतारावरच्या जागेचा एक कोपराही भरावाचाच होता. गवंडीमामांना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, ‘तेच सांगत हुतो की ताई, एक पावसाळा खाऊ दे तिला.’ इसान असो की पन्हाळा, माती तशीच वागते. २०२२ च्या मे महिन्यात भराव टाकला, पावसाळाभर बसू दिला आणि डिसेंबरमध्ये पाया खणला. तो कोपरा पावसात चांगला वीतभर खाली गेला होता. वर भिंत असती तर?

साडेबाराचे साडेनऊ

कॉन्ट्रॅक्टरचा पहिला आकडा आला साडेबारा लाख. ६१० चौरस फूट, आरसीसी, स्लॅब, प्लास्टर, व्हिट्रिफाईड टाईल्स, सगळं धरून. माझ्याकडे होते साडेनऊ. वरचे तीन लाख कुठून काढायचे?

उत्तर जागेवरच पडलेलं होतं, अक्षरशः. जुन्या घराच्या सागवानी चौकटी, दोन तुळया, चार दारं, काळे घडीव दगड आणि शेकडो मंगलोरी कौलं. (ही कौलं १८६५ च्या सुमारास मंगळूरला बाझल मिशनच्या कारखान्यात बनायला लागली आणि तिथून सगळ्या किनारपट्टीवर पसरली.) आम्ही ते घर पाडलं नाही, उतरवलं. फरक मोठा आहे. जेसीबी ते एका दुपारीत भुईसपाट करतो. चार माणसांना उतरवायला नऊ दिवस लागले, पण दारं-खिडक्यांचा खर्च सुताराच्या मजुरीवर आला आणि पायाचे निम्मे दगड फुकटात मिळाले.

भिंती जांभ्याच्या. शाहूवाडीकडच्या खाणीतून चिरे आणले. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. म्हणूनच तो कापून विटेसारखा वापरता येतो. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन यानं केरळात हा दगड बघून त्याला ‘लॅटराईट’ नाव दिलं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच वीट. चिऱ्याच्या भिंतीला बाहेरून प्लास्टर लागत नाही, दर्जा भरल्या की काम झालं. प्लास्टर वाचलं, रंग वाचला आणि दर दोन वर्षांनी रंग काढायची कटकटही वाचली. एक पथ्य मात्र पाळायचं : जांभा पाणी पितो, म्हणून छपराच्या वळचणी चांगल्या अडीच फूट बाहेर काढल्या आणि जोतं तीन फूट उंच घेतलं.

छपराचा पेच वेगळाच होता. मला कौलारूच हवं होतं, फोटोत कसलं भारी दिसतं! पण आमच्याकडे वानरांच्या टोळ्या येतात आणि कौलांवर उड्या मारतात. दरवर्षी कौलं बदलायला कोण चढणार? बाबा बासष्टचे. मग खोल्यांवर लोखंडी पाईप आणि रंगीत पत्रा, उंची भरपूर आणि गरम हवा बाहेर जायला वरती फट. पडवीवर मात्र आईच्या हट्टानं कौलंच.

उरलेली कौलं गेली स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या स्लॅबमध्ये. हो, स्लॅबच्या आत! याला फिलर स्लॅब म्हणतात. स्लॅबच्या खालच्या बाजूला ताण पडतो, तो घेते सळई. तिथलं काँक्रीट त्या ताणाला फारसं उपयोगी नसतं. म्हणून सळयांच्या मधल्या चौकोनांत जुनी कौलं ठेवायची आणि वरून काँक्रीट ओतायचं. वजन कमी, सिमेंट कमी. आपल्या देशात हे तंत्र रुजवलं लॉरी बेकर यांनी. १९१७ मध्ये बर्मिंगहॅमला जन्मलेला हा वास्तुविशारद भारतात आला, इथलाच झाला आणि २००७ मध्ये तिरुअनंतपुरमला गेला. आसपास पाच मैलांत मिळणाऱ्या सामानातून घर बांधावं, हा गांधीजींनी दिलेला सल्ला बेकर शेवटपर्यंत सांगत राहिले. आमच्या इंजिनिअरनं सळयांचं अंतर काढून दिलं. गवंडीमामांनी आधी डोक्याला हात लावला. सेंट्रिंग काढल्यावर खालून कौलांची नक्षी दिसली, तेव्हा मात्र स्वतःच चार लोकांना बोलावून दाखवली.

सकाळी सहाची मीटिंग

दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागं. गावात साडेसातला काम सुरू होतं तेव्हा माझे सहा वाजलेले असायचे. चहा घेऊन व्हिडिओ कॉल लावायचा, हा पाच महिन्यांचा नेम. रविवारी कामगारांना सुट्टी नसते, अमावस्येला असते, आणि आठवडी बाजारादिवशी मजुरी हातात पडायलाच हवी. आमच्या कंपनीच्या एचआरपेक्षा हे नियम जास्त कडक आहेत.

पहिले काही दिवस गवंडीमामा माझ्याशी बोलायचेच नाहीत. मी विचारायचे, ‘मामा, खिडकी अडीच फुटांवर घेतलीय ना?’ ते फोनकडं न बघता म्हणायचे, ‘मालकास्नी इचारून सांगतो.’ मालक शेजारीच उभे. एके दिवशी बाबांनीच फोन माझ्याकडं वळवला आणि म्हणाले, ‘मालक ह्यात हाईत.’ त्या दिवसापासून मामा मला थेट सांगायला लागले, तक्रारीसुद्धा!

लांबून बांधताना भांडण होतं ते दिसत नाही त्या कामावरून. भिंत दिसते, पाणी मारलेलं दिसत नाही. ‘मामा, पाणी मारलं का?’ ‘मारलं की!’ या ‘की’मध्ये कोल्हापूरचा सगळा आत्मविश्वास असतो. सिमेंटच्या कामाला सुरुवातीचे दिवस ओलावा मिळाला नाही तर ते कच्चं राहतं, मग कितीही भारी सिमेंट वापरा. त्यात शेतीपंपाची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. शेवटी आईनं जबाबदारी घेतली. मुक्काम काकांकडं, हातात पाईप आणि स्लॅबवर आळी करून चौदा दिवस पाणी. तिचा रोजचा फोटो यायचा, कॅप्शनशिवाय.

बाबांचा पराक्रम वाळूचा. क्रश सँडची ट्रॉली आली, बिल एका ब्रासचं. बाबांनी टेप काढली. १० फूट लांब, ६ फूट रुंद, दीड फूट थर : झाले ९० घनफूट. ब्रास म्हणजे १०० घनफूट. चाळीस वर्षं गुळाच्या रव्यांचा काटा बघितलेल्या माणसाला कोण फसवणार? ट्रॉलीवाल्यानं मुकाट पैसे कमी केले आणि नंतरच्या सगळ्या ट्रॉल्या काठोकाठ आल्या. हजारो रुपयांचं ॲप जे करू शकलं नसतं ते शंभर रुपयांच्या टेपनं केलं.

लाल वहीतला हिशेब

- कागदपत्रं आणि इंजिनिअर : ४५ हजार
- पाया आणि जोतं : १ लाख ६५ हजार
- चिरे आणि भिंती : २ लाख १० हजार
- छप्पर आणि फिलर स्लॅब : २ लाख ५ हजार
- दारं-खिडक्या (लाकूड जुनं, मजुरी नवी) : ६० हजार
- शहाबादी फरशी, बाथरूम, संडास, दोन शोषखड्डे : १ लाख ३० हजार
- वायरिंग, प्लंबिंग, टाकी : ९५ हजार
- किरकोळ (यात चहा धरलाय) : ५२ हजार

एकूण ९ लाख ६२ हजार. बजेटच्या वर १२ हजार. ते बहिणीनं पुण्याहून पाठवले आणि आता घर ‘आपल्या दोघींचं’ म्हणते. म्हणू दे की!

लांबून बांधणार असाल, तर…

- कागद आधी तपासा. उताऱ्यावर नाव कुणाचं, वारस किती, हे नकाशा काढण्याआधी. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देतात. तुमच्या गावाची झालीय का, ग्रामपंचायतीत विचारा.
- जागा तुमच्या नावावर असेल तर विश्वासाच्या माणसाला मुखत्यारपत्र द्या. परदेशात केलेलं असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करा आणि भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरा. त्यात फक्त बांधकामापुरते अधिकार लिहा, विक्रीचे नकोत.
- पैसे टप्प्यानं द्या : जोतं, लिंटेल, छप्पर, फिनिशिंग. टप्पा पूर्ण झाल्याचा व्हिडिओ आधी, पैसे नंतर.
- दिवाळीनंतर सुरू करा, मे संपायच्या आत छप्पर घाला. आमच्याकडचा पाऊस मुदतवाढ देत नाही.
- काम सुरू झाल्यावर नकाशा बदलू नका. खिडकी दोन फूट सरकवायला कागदावर खोडरबर लागतो, साईटवर हजार-दोन हजार.
- आणि साईटवर रोज उभा राहणारा आपला माणूस हवाच. तो नसेल तर थांबा. कॅमेरा लावून घर होत नाही.

मग राहायला गेलं कोण?

हा प्रश्न सगळ्यात अवघड. गावाकडची कितीतरी नवी घरं कुलपात असतात. मुलं बांधतात, फोटो टाकतात आणि घरात राहते वाळवी. आई-बाबांनी शाहूपुरी सोडलेली नाही. बाबांचे मित्र तिथं, डॉक्टर तिथं, आईची भिशी तिथं. ते जूनमध्ये गावी जातात आणि गणपतीच्या आधी परततात, कारण कुंभार गल्लीतून गणपती निघताना बघितल्याशिवाय बाबांचं वर्ष पुरं होत नाही.

२०२४ च्या जुलैमध्ये पंचगंगेनं पुन्हा ४३ फूट ओलांडले. आमच्या गावाचा रस्ताही पाण्याखाली जातो, तेव्हा शहराशी संपर्क तुटतो, हे आहेच. रक्तदाबाच्या गोळ्या दोन महिन्यांच्या भरून ठेवाव्या लागतात. पत्र्यावर पाऊस असा वाजतो की टीव्हीवरची मालिका बघावी लागते, ऐकता येत नाही. पण त्या आठवड्यात आईचा फोन आला तेव्हा ती फ्रिज कुठं चढवला ते सांगत नव्हती. कुळथाच्या पिठल्यात कोकम घालायचं की नाही, यावरून तिचं आणि आत्तीचं जुंपलं होतं.

हो, आत्तीही होती. २०२३ ची पंचमी तिनं तिच्या खोलीत केली आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात चार दिवस येते. येताना स्वतःची उशी घेऊन आली होती पहिल्यांदा. जाताना ठेवून गेली.

तेव्हा दोस्तहो, गावाकडं घर बांधायचंय? खुशाल बांधा. पुण्यातल्या वन बीएचकेच्या पार्किंगच्या पैशात होईल कदाचित! फक्त सिमेंटचा भाव विचारण्याआधी घरातल्या आत्तीला, काकाला, आईला फोन लावा. या घरात कोण, कधी आणि किती दिवस राहणार, ते त्यांच्याकडूनच कळेल. नकाशा त्यानंतर काढा.